रस्तोगींच्या फाटकापाशी

लखनौच्या विकास नगरातल्या आपल्या घरापासून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत जायचं, तर गोपीनाथराव सबनिसांना तीनदा थांबावं लागे. चार घरं ओलांडली की छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं होई. मग एक हात जवळच्या भिंतीला आणि जिभेखाली गोळी. दुसरा थांबा नेमका रस्तोगींच्या फाटकापाशी यायचा. त्याला गोपीनाथराव बिचारे काय करणार? दुखणं काही घरमालकाचं नाव विचारून उठत नाही.

पण एके दिवशी रस्तोगींनी गोपीनाथरावांच्या मुलाला, श्रीरंगला, रस्त्यातच गाठलं. "आपके पिताजी रोज़ हमारे आँगन में झाँकते हैं. घर में बहुएँ हैं. अच्छा नहीं लगता."

एकाहत्तर वर्षांचा माणूस! तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत मान वर न करता काम केलेला! आणि पोटच्या पोराने उत्तर काय द्यावं? "माफ़ कीजिए, उम्र हो गई है. दिमाग़ ज़रा भटक जाता है."

हे त्याने घरी येऊन वर सांगितलंही. गोपीनाथरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आजार सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"बाबा, मनीषाचं जमेपर्यंत कळू देऊ नका ना. लखनौत मराठी घरं ती किती? इथे शिंकलं तर कानपूरला ऐकू जातं. हार्टचा आजार आहे म्हटलं की स्थळं फिरकायची नाहीत."

"आणि आजोबा वेडा आहे, हे चालतं वाटतं?"

गोपीनाथराव धुमसत राहिले, पण नातीचा चेहरा आठवून गप्प बसले.

महिन्याभराने, एका रविवारी, कानपूरचे श्रीपादराव बायको-मुलाला घेऊन मनीषाला बघायला आले. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पसंत पडल्यासारखी दिसली. मंडळी आलमबागला बस पकडायला निघाली, तेव्हा श्रीरंग वडिलांच्या कानाशी लागला. "बाबा, रिक्षा मिळते त्या पानवाल्यापर्यंत पोचवायला चला. घरातलं वडीलधारं माणूस आलं नाही तर वाईट दिसेल. फक्त मध्ये थांबू नका."

थांबू नका! जणू ते हौसेने थांबत होते! गोपीनाथरावांनी चपला घातल्या. पहिला थांबा त्यांनी दात आवळून, न थांबता ओलांडला. रस्तोगींच्या फाटकापाशी मात्र पाय हलेनात. त्यांनी भिंत धरली. आत रस्तोगी झाडांना पाणी घालत होते, त्यांनी कपाळाला आठ्या घालून वर पाहिलं.

पाहुणेही थबकले. श्रीरंग कसनुसा हसला. "चला बाबा!" मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "त्यांना ना, लोकांच्या बागा बघायची भारी हौस आहे."

आता मात्र कडेलोट झाला. एवढा अपमान नातीसाठीसुद्धा गिळवेना. रस्तोगींनाही कळावं म्हणून गोपीनाथराव हिंदीतच ओरडले, "मुझे दिल की बीमारी है! चार साल से! दस क़दम और चलूँ तो सीना जकड़ जाता है, इसलिए रुकता हूँ. किसी के घर में झाँकता नहीं हूँ!"

श्रीपादरावांनी बायकोकडे पाहिलं. श्रीरंगचा चेहरा पांढराफटक पडला. गोपीनाथराव खिशातली गोळी चाचपू लागले.

रस्तोगींनी पाइप तसाच टाकला, आत गेले आणि स्वतः बसायचा वेताचा मोढा उचलून रस्त्यावर घेऊन आले. "बैठिए, भाई साहब. माफ़ कीजिए. हमें किसी ने बताया ही नहीं."

गोपीनाथराव बसले. गोळी जिभेखाली विरघळली, श्वास जागेवर आला, तेव्हा त्यांनी मुलाकडे मान वर करून पाहिलं.

"ऐकलंस? कुणी सांगितलंच नाही म्हणतात. जा आता, पाहुण्यांची बस चुकेल. मी इथेच बसतो. इथे कुणाला माझी लाज वाटत नाही."