चीजचोर सुझॅनाची वीट

हॅलोज फेरी गावात पूर्वजांत एखादा चोर असणं मोठ्या मानाचं समजतात, आणि ग्लेनिस ट्रेमेनच्या घराण्यात औषधालासुद्धा चोर नव्हता. शोधायचं तिने काही बाकी ठेवलं नव्हतं. सतरा महिने रोज सकाळी न्याहारीची बशी बाजूला सारून ती संगणकापुढे बसत होती. जहाजांच्या याद्या, चर्चच्या नोंदी, तुरुंगाची दप्तरं, तस्मानियाच्या सरकारने इंटरनेटवर टाकलेलं सगळं तिने चाळलं. वडिलांकडून वर गेली, आईकडून वर गेली. शेवटी सापडला तो जोसाया ट्रेमेन. टोप्या विकणारा, रीतसर तिकीट काढून आलेला, आणि 'हा गृहस्थ दारूला शिवत नाही' असं पाद्रीबुवांचं पत्र खिशात घेऊन बंदरावर उतरलेला. असल्या माणसाचं कौतुक कुणाला सांगायचं?

नोलीनचं तसं नव्हतं. नोलीन एल्डरशॉ म्हणजे मागच्या कुंपणापलीकडची, पहिलीपासूनची वर्गमैत्रीण. तिच्या पणजीची आजी सुझॅना पाइक. वय सतरा, चीजचा अख्खा गोळा परकराखाली लपवून लंडनच्या दुकानातून निघाली, दारातच पकडली गेली, आणि सात वर्षं काळ्या पाण्यावर, म्हणजे इथे तस्मानियात, आली. 'लेडी हॅरिएट' जहाजातून तिच्यासारख्या एकोणऐंशी बायका या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. गावाने नदीकाठच्या वाटेवर प्रत्येकीची एक वीट बसवली होती, आणि विटेवर नाव, वय, गुन्हा, शिक्षा कोरली होती. दर मार्चमध्ये, जहाज लागलं त्या दिवशी, त्यांच्या वंशजांनी डोक्याला पांढरी टोपी बांधून आपापल्या विटेपाशी उभं राहायचं आणि ती चार ओळींची कहाणी मोठ्याने वाचायची. चीजचा गोळा आला की शाळेची मुलं खिदळायची. वर्तमानपत्रवाले दर वर्षी नोलीनचाच फोटो काढायचे.

आणि ग्लेनिस? ग्लेनिस अठरा वर्षं वाटेच्या टोकाला टेबल मांडून चहा ओतत होती.

याचा जळफळाट व्हायला एक जुनं कारणही होतं. त्या दोघी लहान असताना वारं उलटं वाहत होतं. कैद्याचं रक्त म्हणजे कलंक, लोक मेलेल्या आजोबांची नावं बदलायचे. "एल्डरशॉंच्या पोरीशी खेळू नकोस, रक्तात चोरी आहे तिच्या," असं ग्लेनिसची आई सांगायची. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की ग्लेनिसचंच बोट आधी नोलीनच्या दप्तराकडे जायचं. ट्रेमेन मंडळी नाकाने कांदे सोलत जगली. मग काळ फिरला, कलंकाचा टिळा झाला, आणि तो लागला नेमका नोलीनच्या कपाळी. हा न्याय ग्लेनिसला कधीच पटला नाही.

आपल्याला चोर मिळत नाही हे नक्की झालं तेव्हा ती नोलीनचा तपासायला लागली. जे आपल्याला नाही ते तिला तरी का असावं? आणि तिसऱ्याच आठवड्यात देव पावला. सुझॅना पाइक एकोणिसाव्या वर्षी बायकांच्या तुरुंगात तापाने मेली होती. मूल नाही, नवरा नाही. नोलीनच्या खापरपणजोबाचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी. त्याची आई दुसरीच एक सुझॅना पाइक, आईचं बोट धरून, तिकीट काढून आलेली. म्हणजे नोलीनही तिकिटवालीच.

ग्लेनिसच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिने कागद छापले, पाकिटात घातले. विटांची वाट सांभाळणाऱ्या समितीचा नियम पक्का होता: वंशाचा पुरावा नाही तर वीट नाही.

मार्चमधल्या त्या दिवशी सकाळी नोलीन टोपी बांधत टेबलाशी आली तेव्हा ग्लेनिसने कपाच्या आधी पाकीटच पुढे केलं.

"हे काय? वाढदिवस नाही माझा."

"वाच तर खरं. समितीकडे जायच्या आधी तुला दाखवावं म्हटलं. शेवटी मैत्रीण ना आपण."

नोलीनने चष्मा लावला, दोन्ही कागद सावकाश वाचले, घडी घालून परत दिले.

"अकरा वर्षं झाली मला हे कळून," ती म्हणाली. "साखर एकच घाल."

ग्लेनिसचा चमचा हातातच राहिला. "आणि बोलली नाहीस?"

"कुणाशी? तुझ्याशी?" नोलीनने स्वतःच साखर घातली. "ही चूक केली कुणी, ठाऊक आहे? माझ्या आईने सुझॅना पाइकचं नावही ऐकलं नव्हतं. तुझ्या आईला ते चर्चच्या वहीत दिसलं, तिने आमच्याशी जोडलं आणि गावभर केलं. तुझ्या घरून आलेली आहे ही सुझॅना माझ्याकडे."

"आई असं कशाला…"

"मला 'चोराची पोर' कोण म्हणायचं गं? सहा वर्षं त्या पोरीच्या वाट्याचे टोमणे मी खाल्लेत. फुकटच खाल्ले म्हण. आता तिच्याजवळ उभी राहते तर तुझ्या पोटात दुखतं." तिचा आवाज चढला नव्हता. "दे जा समितीला, मी अडवत नाही. फक्त मग तिची वीट तू पुसत जा. तिला दुसरं कुणी नाही."

ती चहा घेऊन निघून गेली. पाकीट ग्लेनिसच्या एप्रनच्या खिशात राहिलं. समितीचे अध्यक्ष दोनदा चहाला आले, दोनदा तिचा हात खिशाकडे गेला. तिकडे नोलीन वाचत होती, "सुझॅना पाइक, वय सतरा," आणि मुलं खिदळत होती. ग्लेनिसला वाटलं होतं, खरं कळल्यावर तरी हेवा संपेल. तो दुप्पट झाला. आता तर तिला नोलीनने खाल्लेल्या टोमण्यांचाही हेवा वाटत होता. त्यांच्या बदल्यात नोलीनला एक माणूस मिळालं होतं, आणि ते टोमणे मारणारी मात्र इथे किटली धरून उभी होती.

गर्दी पांगल्यावर तिने टेबल दुमडलं. दर वर्षी ते तिथेच मांडायचं, वाटेच्या अगदी टोकाला. टेबलाचा पाय जिथे टेकायचा तिथे चहाचे जुने डाग पडले होते, आणि त्या डागांखाली अक्षरं होती. ती गुडघ्यावर बसली.

मेरी अ‍ॅन टली. वय वीस. मालकिणीचा रेशमी झगा. सात वर्षं.

हिच्या विटेपाशी आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. पुसायला हाताशी फडकं नव्हतं. तिने खिशातलं पाकीट काढलं, त्यानेच सांडलेला चहा टिपला, मग कडेने घासून घासून अक्षरातला चिकटा काढला. पाकिटाचा आणि आतल्या कागदांचा पार लगदा झाला.

रिकामा कप घेऊन नोलीन मागे येऊन उभी राहिली होती.

"काय केलं होतं हिने?"

"दुसरीचा झगा उचलला."

"बसला का अंगाला?"

"ते लिहिलेलं नाही."

नोलीन टेबलाचं दुसरं टोक धरायला वाकली.

"पुढच्या वर्षी हे जरा पलीकडे मांडू," ग्लेनिस म्हणाली.