तीन माशांचं अक्षर

मी एक जुना लाकडी ठसा आहे, मित्रांनो. तळहाताएवढा, शिसवीचा. माझ्या अंगावर एकच चिनी अक्षर आहे: वर एक मासा, खाली दोन. अर्थ 'ताजं', उच्चार 'शिएन'. घाटकोपरच्या एका घरात मी शिवणयंत्राच्या खणात पडून असतो. थकलो आहे. वापरून नव्हे, पडून राहून.

मला अंबादासांनी कोरलं. मिठाईच्या खोक्यांवर मारायचे ठसे ते करत. त्यांचा एक नेम होता: जे अक्षर जिभेवर बसलं नाही, ते कोरायचं नाही. १९८२ साली अंधेरीचे चिनी हॉटेलवाले चेन आपल्या आईनं हे अक्षर लिहून दिलेला कागद घेऊन आले, तेव्हाही त्यांनी पटाशी उचलली नाही.

"तुम्हाला कोरायचंय की गायचंय, भाऊ?" चेन वैतागले.

"आधी म्हणून दाखवा, शेठ. मुकं अक्षर मी कोरत नाही."

मग चेननी सांगितलं. फार पूर्वी 'ताजं' लिहायला तीन मासे काढत. पुढे एवढ्या रेघांचा लोकांना कंटाळा आला. एक मासा आणि एक मेंढी यांवर भागू लागलं. माझं रूप मागे पडलं. "आवाज वर ठेवायचा, सपाट. खाली पडू द्यायचा नाही," म्हणत त्यांनी तळहात हवेत आडवा धरला.

मी तयार झालो, पण चेन आलेच नाहीत. हॉटेल बंद करून ते कलकत्त्याला गेले, असं कळलं. तरी अंबादास रोज कामाला बसताना मला हातात घेऊन म्हणत, "शिएन."

"बाबा, शेजारी विचारतात, मासे कसे दिले?" त्यांची मुलगी मालन हसे.

"हस. उद्या शेठ आले तर विसरलो म्हणून सांगू?"

पाच वर्षांनी त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार होता. आदल्या दिवशी त्यांनी मला मालनच्या हातात दिलं. "एकदा म्हण गं."

"आता काय हे, बाबा? घरी आल्यावर म्हणू ना."

ते घरी आले. आवाज आला नाही. मग मालन रोज त्यांच्यापुढे बसून म्हणू लागली. अक्षराच्या शेवटी तिचा आवाज खाली उतरायचा. अंबादास 'नाही' अशी मान हलवत आणि तळहात आडवा धरत. असे चार महिने गेले. एका संध्याकाळी ती ऑफिसातून इतकी दमून आली, की उंबऱ्यातच चप्पल काढता काढता एकदाच 'शिएन' म्हणाली. अंबादासांनी आडवा धरायला उचललेला हात खाली घेतला आणि होकारार्थी मान डोलावली.

त्या महिन्याअखेर ते गेले.

मालन अजून कधीतरी मला खणातून काढते. म्हणते, आणि थांबते. बरोबर आहे का, हे सांगणारं घरात कोणी नाही. मला ठाऊक आहे. पण मी लाकूड.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण घरात कोणी "एकदा म्हण" म्हणालं, तर तेव्हाच म्हणा.