मंदाबाईच्या नावाची गाडी

नाचणगावची मंदाबाई जिंदगीत एकदाच धडधडीत खरं बोलली, अन् तेच तिच्या अंगावर आलं.

नाई तं थापा मारन्यात तिचा हात धरनारं आजूबाजूच्या गावात कोनी नव्हतं. पुलगावच्या भाजीबाजारात पोतं अंथरून बसली का तिचं तोंड सुरू. म्हने, औंदा वावरात एक वांगं असं पोसलं का शेजारच्याची बकरी पिलं घेऊन त्यात राहाले गेली, अन् आतून दार लावून घेतलं. म्हने, पुराच्या दिवसात वर्धा नदीच्या काठावर एक वरात अडकली, तं म्या घरचा दोडका आडवा टाकला अन् नवरदेव घोड्यासकट त्यावरून पार झाला. घोडं तेवढं मधात घसरलं, कारन दोडक्याच्या शिरा पावसानं ओल्या झाल्या होत्या. गिऱ्हाईक हासे, पिशवी उघडे अन् इचारे, "खरं का काकू?"

मंग बाजूच्या पोत्यावरून शकुंतलाबाई सांबाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, हिरव्या जुड्या बांधता बांधता, मान वर न करता म्हने, "म्या सोता पाह्यलं."

बस, एवढंच. पन इतकं कोरड्या तोंडानं म्हने का गिऱ्हाईक एकडाव नदीकडं पाहून घे. दोघींचे लेकरं रांगत होते तवापासून हे चालू होतं. मंदाबाईनं थाप मारायची, शकुननं साक्ष द्यायची. मंदाबाईचे वांगे खपले का गिऱ्हाईक शकुनच्या सांबाराकडं वळे. घरी नवऱ्याले सांगत नव्हत्या ते दोघी एकमेकीले सांगत.

मंदाबाईचा नवरा मधुकरराव. बैलाचा लय नादी मानूस, पन बैल चारनारं घरात कोनी राह्यलं नाई तवा त्यानं जोडी इकली अन् पोरासाठी, धर्मेंद्रसाठी, भाजी न्याले चार चाकाची छोटी मालगाडी घेतली. आता या घरात वावर होतं मधुकररावाच्या नावानं, घर होतं धर्मेंद्रच्या नावानं, अन् मोटरपंपाचं बिल अजूनही मेलेल्या सासऱ्याच्या नावानं येत होतं. मंदाबाईच्या नावानं घरात रेशनकार्डावरच्या ओळीशिवाय काही नव्हतं. पन गाडी घ्याच्या वक्ताले जोशीबुवानं पंचांग पाह्यलं अन् सांगतलं का गाडी घरच्या बाईच्या नावानं घ्या, बरकत राहीन. झालं. शोरूमात मंदाबाईले खुर्ची देली, चहा पाजला, सह्या घेतल्या, कुंकवाचा हात गाडीच्या तोंडावर मारून घेतला. मांगं लाल अक्षरात लिहून आनलं, 'मंदाईची कृपा'.

मंदाबाई त्या दिवशी जमिनीवर चाललीच नाई. बाजारात सांगे का माह्या गाडीत चाबी नुसती देखाव्याले हाये. म्या 'चाल वं माय' म्हनल्याशिवाय ती सुरूच होत नाई.

"खरं का काकू?"

"म्या सोता पाह्यलं," शकुन म्हने.

सालभर गाडी मजेत चालली. मंग पोळ्याच्या तोंडावर धर्मेंद्रच्या फोनवर संदेश येऊ लागले का इन्शुरन्स सरून राह्यला, भरून घ्या. त्यानं बापाले इचारलं. मधुकरराव म्हने, तीस वर्षं बैल जुपले, त्यायचा कोनी काढला होता का इन्शुरन्स? शिंग मारलं तं शिंग मारलं, हळद लावली अन् झालं. अन् पोळा आला होता. बैल नव्हते म्हनून काय दारातून पोळा सुना जाऊ द्याचा? मधुकररावानं इन्शुरन्साच्या पैशाची गाडीले झूल आनली, कपाळाले मठाटी बांधली, आरशाले गोंडे लावले. धर्मेंद्रनं बाप खूश पाहून गान्याचा मोठा डेक बसवून घेतला. तोरनात साऱ्याचे बैल उभे होते अन् त्यायच्या मधात ह्यायची गाडी. तोरन तुटलं तसा डेक असा वाजला म्हनतेत का देवळीपर्यंत म्हशीयनं दूध वर चढवलं अन् दसरा येईपर्यंत उतरवलं नाई. घरी आल्यावर मंदाबाईनं गाडीचे चारी पाय, म्हंजे चाकं, धुतले अन् तोंडासमोर पुरनपोळी ठेवली. गाडी जेवली का नाई ते तिनं बाजारात सांगतलंच.

गोंडे कोनी सोडले नाई. चांगले दिसत होते.

दसऱ्याच्या आधीच्या बाजारी धर्मेंद्रनं भाजी उतरवाले गाडी मांगं घेतली. डेक चालू होता. आरशात गोंड्याशिवाय काही दिसत नव्हतं. मंदाबाई त्याच्या बाजूले बसली होती अन् दुपारी काय थाप मारायची त्याची जुळवाजुळव करून राह्यली होती. बाहेर लोक वरडून राह्यले होते, ते गान्यातलंच वाटलं. गाडी कशाले तरी टेकली अन् थांबली. मंदाबाई उतरून मांगं गेली तं 'मंदाईची कृपा' अन् बाजाराच्या ओट्याच्या मधात शकुनचा पाय होता.

शकुन वरडत नव्हती. सांबाराची जुडी हातातच होती.

पोलिसायनं पहिले कागदं मांगतले. धर्मेंद्रनं डब्यातून सारे काढले. लायसन होतं, गाडीचं पुस्तक होतं, इन्शुरन्साचा कागद बी होता, पन पोळ्याच्या आधीच मेलेला. जमादार तसा वाईट मानूस नव्हता. त्यानं समजावून सांगतलं का हा कागद जिता असता तं बाईची भरपाई कंपनीनं देली असती अन् गाडी तुमच्या दारात गेली असती. आता गाडी ठान्यात राहीन. भरपाईची हमी भरल्याशिवाय कोर्ट सोडत नाई, अन् नाईच भरली तं लिलाव करते.

कोर्टातली पहिली पेशी दंडाची होती. इन्शुरन्स नसताना गाडी चालवली म्हनून धर्मेंद्र उभा, अन् चालवू देली म्हनून मंदाबाई उभी. तीन महिन्यापर्यंत जेल होऊ शकते, असं वकिलानं आधीच सांगून ठेवलं होतं, तं मधुकररावानं तिच्यासाठी पिशवीत लुगडं अन् गोळ्या बांधून आनल्या होत्या. धर्मेंद्रसाठी काही आनलं नव्हतं. पोराले सोडवून नेऊ असा त्याले भरवसा होता. दंडावरच सुटले. बाहेर पायरीवर मंदाबाई वकिलाले म्हने, "या घरात चहात साखर किती टाकाची हे बी मले कोनी इचारत नाई. अन् कोर्ट म्हनते म्या गाडी चालवू देली."

वकील हासला. त्याले ती थापच वाटली.

मंग त्या वकिलानं दुसरी गोठ सांगतली. शकुन भरपाईचा दावा टाकीन, अन् दावा गाडीच्या मालकावर पडते. तवा दवाखान्यात तिले पाहाले जाऊ नका, डबा पाठवू नका, फोन करू नका. भेटले का समोरचा वकील म्हनीन, पाहा, गुन्हा कबूल हाये म्हनून तं आले.

मंदाबाई गेली नाई. तिनं दोनदा डबा भरला, भाकर अन् शकुनले आवडते तसा झुनका, अन् दोनदा धर्मेंद्रनं तो डबा सोता खाल्ला. शकुन दवाखान्यात, मंदा आली का, असं इचारे अन् दाराकडं पाहत राहे, असं बाजारातल्या बाया येऊन सांगत. पाय वाचला, पन गुडघा वाकेना. पुढं शकुननं इचारनं सोडून देलं, हे बी बायायनंच सांगतलं.

दाव्याची नोटीस आली. त्यावर अर्जदार म्हनून शकुंतलाबाईचं नाव अन् विरुद्ध म्हनून मंदाबाईचं. धर्मेंद्रनं वाचून दाखवलं. दोघींचे नावं जिंदगीत पहिल्यांदा एका कागदावर आले होते.

मंग वकिलानं तोड काढली. बाजारात गुलाब नावाचा एक हमाल होता, मांगं-पुढं कोनी नसलेला, बाजाराच्याच ओट्यावर निजनारा. जुन्या तारखेच्या स्टँपपेपरवर लिहून घ्याचं का मंदाबाईनं गाडी पोळ्याच्या आधीच गुलाबले इकली, नाव तेवढं चढवाचं राह्यलं. इकडं तं अर्ध्या गाड्या अशाच इकतेत, कोनाले खोटं वाटनार नाई. कोर्ट मानो का न मानो, ह्या भांडनात चार-पाच वर्षं निंघून जातीन. तोवर शकुन थकीन अन् येईन त्यात राजी होईन. अन् मानलंच, तं भरपाई गुलाबकडून घे म्हना. गुलाबजवळ होतं काय, एक गमछा.

गुलाबनं अंगठा देला. मंदाबाईची सही धर्मेंद्रनंच केली. आता तिनं कोर्टात एवढंच म्हनाचं होतं का हो, इकली.

पेशीच्या आदल्या दिवशी धर्मेंद्र तिच्याजवळ येऊन बसला. लहानपनी बसे तसा, जवळ.

"आई, एक डाव बोलजो फक्त. तुले तं काही कठीन नाई. जल्मभर थापा मारल्या, आनखीन एक."

"माह्या थापेनं कोनाचा पाय मोडला नाई," मंदाबाई म्हने.

"गाडी गेली तं मी काय करू? लोकायच्या वावरात जाऊ?"

ती उठून चुलीकडं गेली. त्यानं ते हो समजलं.

वर्ध्याच्या कोर्टात शकुन बाकावर बसली होती. पाय समोर सरळ, जनू दुसऱ्याचा आनून ठेवला होता. जाता येता वकील लोक तो पाय ओलांडत होते. मंदाबाईनं दारातून पाह्यलं. कित्येक महिन्यायनं पाहत होती. शकुन निम्मी झाली होती. मंदाबाईच्या मनात आलं का जाऊन म्हनावं, अवं, दवाखान्यातल्या भाकरीनं तुहं असं झालं तं उंदीर पाळजो, तो तरी काही आनून दीन. शकुन हासली असती. पन बाजूले वकील होता.

पिंजऱ्यात उभी राह्यल्यावर शपथ घेतली. तिच्याच वकिलानं पुढं येऊन स्टँपपेपर दाखवला अन् इचारलं का ही गाडी तुमी गुलाब हमालाले इकली होती, बरोबर?

मंदाबाईनं कागद पाह्यला. तिच्या नावानं केलेली सही तिच्यापेक्षा चांगली होती.

"गुलाबले म्या कोबी इकली असन," ती म्हने. "गाडी नाई इकली. गाडी माही हाये. सही माही नाई. इन्शुरन्स भरला नव्हता, त्याच्या पैशानं पोळा केला."

जजसाहेबानं चष्मा काढला अन् इचारलं, बाई, समजून बोलता ना? हे खरं हाये?

अन् मंदाबाईची मान सवयीनं बाजूले वळली. शकुनकडं. बाजारात वळे तशी.

शकुन आपल्या गुडघ्याकडं पाहत होती.

"खरं हाये," मंदाबाई म्हने, एकटीनंच.

गाडीचा लिलाव झाला. आष्टीकडच्या कोन्या व्यापाऱ्यानं घेतली. ठान्यात उभ्या गाडीच्या वायरी उंदरायनं कुरतडल्या होत्या, मठाटी पावसानं सडली होती. भंगाराच्या भावात गेली. आलं ते कोर्टानं शकुनच्या नावानं जमा केलं, अन् ते दवाखान्याच्या उधारीतच जिरलं. बाकीची भरपाई मंदाबाईवर निंघाली. तहसीलीचा मानूस वसुलीले आला, तिच्या नावानं काय काय हाये ते पाहाले. सारे कागदं पाह्यले अन् रिकामाच गेला. मधुकरराव ओसरीत बिडी ओढत होता. म्हने, "बरं झालं, वावर तुह्या नावानं नव्हतं."

खोट्या कागदापायी धर्मेंद्रच्या मांगं आनखीन एक केस लागली. वकिलानं अंग काढून घेतलं, गुलाब गाव सोडून गेला. धर्मेंद्र आता दुसऱ्याची गाडी चालवते, रोजानं. जेवाले बसला का ताटाकडं पाहूनच भाकर मांगते, अन् मांगते ते बायकोले. आईसोबत बोलत नाई. गावात सांगते का बुढीचं डोस्कं फिरलं, कोर्टात जाऊन थाप मारून आली. लोकायले पटते. मंदाबाई अन् खरं बोलन, हे कोनाले पटनार?

शकुन बाजारात परत आली. खाली बसता येत नाई, म्हनून स्टूल आनला, अन् पोतं समोरच्या रांगेत, कांदेवाल्याच्या बाजूले टाकलं. जुड्या बांधते तशाच, मान खाली घालून. मंदाबाई एकडाव तिच्यासमोर जाऊन उभी राह्यली होती. काय घेता, असं शकुननं इचारलं. बाजारातल्या कोन्याही बाईले इचारावं तसं. मंदाबाईनं एक जुडी घेतली अन् परत आली.

तवापासून तिचं तोंड बंदच होतं. वांगे मुकाट्यानं खपले तं खपले, नाई तं घरी. मंग एका बाजारी कोनाची तरी नवी सून आली, कोवळी, हासऱ्या तोंडाची. म्हने, काकू, तुमी लय गमतीच्या गोठी सांगता म्हनतेत, सासूबाईनं सांगतलं. मंदाबाईनं वांगे तागडीत टाकता टाकता समोर पाह्यलं, अन् जरा मोठ्यानंच, रस्त्यापलीकडं ऐकू जाईन असं सुरू केलं. माही एक गाडी होती, म्हने. माह्या नावाची. म्या 'चाल वं माय' म्हनल्याशिवाय सुरू होत नव्हती. कोर्टानं इकली, तं घेनाऱ्यानं चाब्या फिरवून फिरवून हाताले घट्टे पाडून घेतले. शेवटी बैल जुपून वढत नेली, अन् गावाची शीव ओलांडताना गाडी हंबरली.

सून हासली. "खरं का काकू?"

मंदाबाई थांबली. तागडी हातातच धरून थांबली. समोरच्या रांगेत शकुननं जुडीची दोरी दातानं तोडली.

"म्या नाई पाह्यलं," शकुन म्हने. मान वर न करता, तितक्याच कोरड्या तोंडानं.

सुनेले काही समजलं नाई. तिनं एकडाव हिच्याकडं पाह्यलं, एकडाव तिच्याकडं. मंग वांगे राहू द्या म्हने, अन् रस्ता ओलांडून सांबार घ्याले गेली.