रक्त पातळ करायची गोळी

पार्वतीबाईला सून डोळ्यांसमोर नको असायची. राजेश्रीचं पाऊल घरात पडलं अन् आपल्या बालाजीचं काळीज वेडंवाकडं उडायला लागलं, एवढं तिला पुरे होतं. डॉक्टर काहीही सांगोत.

त्यात ती गोळी! राजेश्री दर रविवारी नवऱ्याच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून ठेवायची. एकदा म्हणाली, "ही लाल गोळी रक्त पातळ करायची." ऐकून पार्वतीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पातळ? दूध पातळ केलं तर साय धरत न्हाई, अन् ही बया माझ्या लेकाचं रक्त पातळ करायलीय! सून ताडकळसच्या शाळेत शिकवायला गेली की पार्वतीबाई लाल गोळी काढून चुलीत टाकायची अन् तिच्या जागी तसलीच लाल शक्तीची गोळी ठेवायची. तीन आठवडे हेच चाललं. बालाजी डबीत असेल ते गिळायचा.

आज परभणीच्या दवाखान्यात त्याच्या जांघेतल्या शिरेतून काळजापर्यंत तार नेऊन बिघडलेली जागा जाळायची होती. सगळं पडद्यावर बघत बघत करायचं काम. पण आधी त्याला गुंगी देऊन, घशातून नळी घालून काळीज तपासलं, आणि डॉक्टर बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"हृदयाच्या कप्प्यात रक्ताची गाठ दिसतेय. तारेच्या धक्क्यानं सुटून मेंदूत गेली तर लकवा होईल. आज काही करता येणार नाही. गोळ्या कुणी चुकवल्या?"

"एकबी न्हाई चुकली, सर." राजेश्री रडकुंडीला आली. "मी स्वतः डबी भरते."

"मग गाठ काय आभाळातून पडली?"

पार्वतीबाईला गार वाटलं. बरी जिरली! अस्संच पाहिजे हिला.

डॉक्टरांनी कागद ओढला. "गोळी घेऊनही गाठ झाली, म्हणजे ती यांना लागू पडत नाही. दुसरं औषध देतो. जालीम आहे, डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती असते, पण इलाज नाही."

पार्वतीबाई एक पाऊल पुढं सरकली अन् पुन्हा मागं झाली. या सटवीसमोर कबूल करू? मेले तरी न्हाई! पण डॉक्टरांचा पेन चालायला लागला होता.

"थांबा सायेब! गोळी मीच काढून टाकली. तीन आठवडे त्यानं खाल्लीच न्हाई."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. राजेश्री गर्रकन वळली. "आत्याबाई, माझ्या कुंकवावर उठल्या व्हय तुमी?"

"मला वाटलं, तूच त्याला मारायलीस!"

तासाभरानं बालाजीला नीट शुद्ध आली. "झालं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," राजेश्री म्हणाली. "का न्हाई, ते आईला इचारा."

डॉक्टरला सांगणं सोपं होतं. पोटच्या पोराला पार्वतीबाईनं खाली बघतच सगळं सांगितलं. बालाजीचा घसा कोरडा पडला होता, आता पाणी चालेल असं नर्सनं सांगितलं, तशी पार्वतीबाईनं लगबगीनं पेला भरून त्याच्या तोंडाशी धरला.

बालाजीनं पेल्यात डोकावून बघितलं. मग तोंड बाजूला घेतलं.

"राजेश्री," तो म्हणाला, "बघ बरं, ह्यात काय हाय."