लेडी, मूळ अर्थाने

शेवटी आईने भाषण केलं आणि बाबांनी तीस माणसांची कणीक मळली. असं काही झालेलं नाही. अहवालात 'श्री. दशरथ यांचे विचारप्रवर्तक व्याख्यान झाले' असंच लिहिलंय आणि खाली अध्यक्षांची सही आहे. तेव्हा जे झालं नाही ते पहिल्यापासून सांगते.

ब्याण्णव साली इथे बहरीनमध्ये, हिद्दच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डातला एक इंग्रज इंजिनियर घर आवरून मायदेशी निघाला. बाबा त्याच्या हाताखाली क्रेन दुरुस्त करायचे. शब्दांच्या जन्मकथा सांगणाऱ्या एका जाडजूड कोशाचा एक खंड त्याने जाताना बाबांना दिला. एकच, 'एल' ते 'एम'. बाकीचे सामानात बसले, हा बसला नाही. त्यामुळे आमच्या घरातलं सगळं ज्ञान 'एल'ला सुरू होतं आणि 'एम'ला संपतं. 'लॅडर'पासून 'मस्टर्ड'पर्यंत बाबांना काहीही विचारा. 'नूडल्स'बद्दल त्यांना मत नाही.

दोन वर्षांनी मराठी मंडळींच्या मासिक बैठकीत बाबांना बोलायला सांगितलं. समोर पुण्या-मुंबईचे इंजिनियर आणि बँकवाले असणार, आणि बाबा अकोल्याच्या आयटीआयचे. त्यांना 'वक्ते' असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं. त्यांनी 'लॉर्ड' हा शब्द निवडला आणि तीन महिने तयारी केली. या लोकांपुढे एकदा नीट बोलून झालं की खलास, मग काही मागणं नाही, असं ते आईला रोज सांगत.

शुक्रवारी नईम भागातल्या आमच्याच फ्लॅटमध्ये बैठक भरली. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार झाले, पाहुण्यांना गुलाब झाले, गुलाबांना पाणी झालं. आई आणि सुनंदाकाकू आत पुऱ्यांच्या मागे होत्या. काकूंचे यजमान विलासकाका बँकेत मोठे होते, त्यामुळे अध्यक्षही तेच आणि प्रास्ताविकही त्यांचंच. वक्त्यांची ओळख नीट करून देता यावी म्हणून आदल्या दिवशी त्यांनी बाबांची टिपणं मागून नेली होती. ती त्यांनी अत्यंत प्रेमाने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सांगून टाकली.

लॉर्ड म्हणजे हजार वर्षांपूर्वी 'पावाचा राखणदार'. ज्याच्या घरचा पाव खायचा तो घरधनी. मग त्याचा जमीनदार झाला, मग राजा, मग देव, मग कोर्टातला जज्ज. "म्हणजे मंडळी, मायलॉर्ड हा मुळात आपला बेकरीवाला," काका म्हणाले. टाळ्या पडल्या. तो विनोदसुद्धा बाबांचाच होता. "आता श्री. दशरथ आपल्याला सविस्तर सांगतील."

बाबा उभे राहिले. चष्मा लावला. चष्मा काढला. तीन महिने त्यांच्याकडे राहायला असलेलं सगळं भाषण बिऱ्हाड बदलून काकांकडे गेलं होतं. माझा भाऊ सुजीत माझ्या कानात इंग्रजीत म्हणाला की फायर अलार्म वाजवू या. आमच्या बिल्डिंगला फायर अलार्म नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "अहो, माझं राहिलं ना."

बाबांनी तिकडे पाहिलं. "ते टिपणात नाही," ते सगळ्यांना म्हणाले. "ते फक्त हिलाच सांगितलंय, पोळ्या होताना. तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं आणि आत गेले. आई कणकेचे हात वर धरून, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखी बाहेर आली. दारात ती एवढंच म्हणाली, "पाणी लय टाकू नका."

मग आमच्याकडे वळली. "लॉर्ड पाव राखायचा. पण करायचं कोण? लेडी. लेडी म्हणजे कणीक मळणारी. मूळ अर्थच तो."

ही मळणारी पुढे घराची मालकीण झाली, असं तिने सांगितलं, मग सरदारीण, मग मेरीमाता. मेरीमातेच्या नावाने काळ्या ठिपक्यांच्या एका तांबड्या किड्याला लेडीबर्ड म्हणू लागले, आणि सरतेशेवटी जिदहफ्सच्या बाजारात भेंडीच्या ढिगावर लेडीज फिंगर अशी पाटी लागली. सगळं क्रमाने, न अडखळता.

"एवढं काय काय झाली ती," आई म्हणाली, "पण तिच्या हातातली कणीक कुणी घेतली नाही. आज यांनी घेतली."

टाळ्या वाजवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. विलासकाका उठले, टाय खांद्यावर टाकला आणि पुऱ्या लाटायला आत गेले. पुऱ्या फुगल्या नाहीत. पाणी लय झालं होतं. आजवरचं आपलं सगळ्यात चांगलं भाषण हेच, असं बाबांनी पाचवी पुरी खाताना जाहीर केलं.

अहवाल काकांनीच लिहिला, आणि अहवालात वक्ता बोलतोच, अशी पद्धत आहे. तेव्हा झालेल्या गोष्टीची कुठेतरी सरकारी नोंद हवी. पुढच्याच आठवड्यात आईचं ओळखपत्र नव्याने काढायचं होतं. घरचे फॉर्म मी भरते. सोबत हा अर्ज जोडला:

'महोदय, माझ्या आईच्या, सौ. सरिता दशरथ यांच्या, ओळखपत्रावर व्यवसाय या रकान्यात हाउसवाइफ असे छापलेले आहे. ते रद्द करून "लेडी, मूळ अर्थाने" अशी नोंद करण्यात यावी. तसेच माझ्या वडिलांच्या कार्डावर "क्रेन टेक्निशियन" यापुढे "व शुक्रवारी कणीक" इतके शब्द वाढवण्यात यावेत. जागा अपुरी पडल्यास संपूर्ण बहरीनची कार्डे दोन बोटे रुंद छापण्यात यावीत, ही नम्र विनंती. आपली विश्वासू, श्रावस्ती दशरथ.'