माहेरच्या दारावरचा हुकूम

कोर्टात बेलीफ म्हणून लागल्यापासून बाईंनी एकही हुकूम बजावल्याशिवाय परत आणला नव्हता, आणि कुणी विचारो न विचारो, त्या हे सांगायच्याच. दाराआड दडणारे, आतून कडी लावून घेणारे, आयत्या वेळी स्वतःचंच नाव विसरणारे, सगळ्यांना त्या पुरून उरल्या होत्या. एकाला तर त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीत गाठलं होतं, अर्धी दाढी झालेली असताना. पळणार कुठे बिचारा!

त्या दुपारी मात्र बेलिफांना कामं वाटून देणारे नाझर त्यांच्या टेबलाशी आले ते जरा घुटमळतच. हातात मनाई हुकूम होता.

"नदीकाठच्या पाणथळीचा आहे," ते म्हणाले. "पाणमांजरांचा."

बाईंना प्रकरण माहीत होतं. सगळ्या खोऱ्यात पाणमांजरांचं तेवढं एकच कुटुंब उरलं होतं. पाणथळीतल्या लव्हाळ्यात त्यांची बिळं होती, आणि तीच जागा भराव टाकून गोदामं बांधायला एका ठेकेदारानं घेतली होती. वनखातं कोर्टात गेलं आणि न्यायाधीशांनी आजच काम थांबवायला सांगितलं. पण बुलडोझर पाणथळीच्या कडेला येऊन उभे होते, सकाळी आत शिरणार होते. हुकूम आज बजावला गेला नाही, तर ठेकेदार कोर्टात हात वर करून मोकळा होणार, मला कुठे काय कळलं होतं म्हणून. तोवर बिळांच्या जागी नुसता चिखल उरणार.

"ठेकेदाराचं नाव वाचलंत ना?" नाझरांनी हळूच विचारलं.

"वाचायला कशाला हवं? माझा सख्खा दादा आहे."

"म्हणूनच म्हणतो, दुसऱ्या कुणाला देतो. माहेर तोडू नका उगीच."

दुसरा म्हणजे कोण, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तो गल्लीच्या तोंडाशी चहा ढोसणार आणि 'इसम घरी आढळला नाही' असा शेरा मारून परत येणार. त्यांनी नाझरांच्या हातून हुकूम जवळजवळ ओढूनच घेतला, खळीची डबी पिशवीत टाकली आणि निघाल्या.

निघाल्या खऱ्या, पण पाय जड झाले होते. वडील गेल्यावर दादानंच त्यांना वाढवलं होतं. बेलिफाच्या परीक्षेला सायकलवर डबलसीट नेणारा तोच, आणि निकाल लागल्यावर साऱ्या गल्लीला ओरडून सांगणाराही तोच. त्याच्यावर बाईंचा फार जीव होता. त्याच्या दारात आपण कच खाल्ली तर, या विचारानं त्यांना स्वतःचाच राग आला.

दार वहिनीनं उघडलं, तेही चेहरा मावेल एवढंच.

"अगंबाई, वन्सं! हे नाहीत हो घरी. बाहेरगावी गेलेत."

"कधी?"

"कालच. नाही, परवा."

तेवढ्यात आतल्या खोलीतून शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी, भिंती हादरवणारी. दादाला लहानपणापासून एका शिंकेवर थांबणं जमलंच नव्हतं.

"माणूस बाहेरगावी आणि शिंका घरात," बाई म्हणाल्या. "दादा, बाहेर ये. हुकूम आहे तुझ्या नावाचा."

आतून आवाज आला, "छोटे, तू आत ये. जेव, रहा. पण तो कागद बाहेर ठेवून ये."

"मी आत्ता कुणाची छोटी नाहीये. हातात घेतोस की दारावर लावू?"

"लाव की! पंच कुठून आणशील?"

वहिनीनं घाईघाईनं दार लावून घेतलं. दादा कच्चा गडी नव्हताच. टाळाटाळ करणाऱ्याच्या दारावर हुकूम चिकटवला की तो बजावला असं धरतात, पण तो चिकटवताना पाहणारे आणि तशी सही देणारे दोन पंच बाईंना लागायचे. आणि या गल्लीत दादाविरुद्ध सही देणार कोण? शेजारच्या शिंप्याचा मुलगा दादाकडेच कामाला होता, तो एकदम बहिरा झाला. समोरच्या वाण्याला अचानक डाळी निवडायची आठवण झाली. पोस्टमन तेवढा सायकल टेकवून पुढे आला.

"तुम्ही काय, आम्ही काय, दोघांचंही काम दारोदार फिरण्याचं," तो म्हणाला. "करतो मी सही."

एक पंच झाला. दुसरा मिळेना. सावल्या लांबल्या, दुकानांतले दिवे लागले. दोनतीन खिडक्या उघडल्या आणि बाईंची नजर जाताच मिटल्या. आपल्या नोकरीत पहिल्यांदा न बजावलेला हुकूम आपण परत नेणार, आणि तोही आपल्याच माहेरच्या दारातून, या विचारानं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी रागारागानं पुसलं.

मग दार उघडलं. या वेळी सताड. उंबऱ्यात आई उभी होती, चष्मा नाकावर, काठी हातात.

"मी होते पंच," ती म्हणाली.

आतून दादा कडाडला, "आई! तू कुणाची आई आहेस?"

"दोघांची. म्हणून तर तुला एवढा वेळ दिला." ती बाईंकडे वळली. "पण न वाचता मी सही करत नाही. वाच. मोठ्यांदा वाच, मला कमी ऐकू येतं."

म्हातारीला टाचणी पडलेलीही ऐकू यायची. बाईंनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. पाणमांजर हा कायद्यानं संरक्षण दिलेला प्राणी आहे. त्याची बिळं, भोवतालचं लव्हाळं आणि तिथे येणारं पाणी, यांपैकी कशालाही ठेकेदारानं, त्याच्या माणसांनी वा यंत्रांनी हात लावू नये. बाईंचा आवाज आधी चिरका निघाला, मग असा खणखणीत झाला की मिटलेल्या खिडक्या पुन्हा उघडल्या. शिंप्याच्या मुलाचे कानसुद्धा बरे झाले.

"म्हणजे त्या मुक्या जिवांच्या घरावर नांगर फिरवायचा नाही, असंच ना?" आईनं विचारलं.

"असंच."

"मग आण इकडे." तिनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडून. पोस्टमननं खाली आपली केली. बाईंनी दाराला खळ फासली, ज्या दारातून त्या लग्न होऊन बाहेर पडल्या होत्या त्याच दाराला, आणि कागद चिकटवला. आईनं काठीच्या टोकानं एक कोपरा दाबला आणि गल्लीकडे तोंड करून म्हणाली, "काय बघताय? माझी लेक आहे ती. कोर्टाची बेलीफ आहे."

बाईंची छाती भरून आली. पण अजून दादा आतच होता, आणि त्याचा फोन वाजत होता.

तो फोन कानाला लावूनच बाहेर आला. डोळे लाल, चेहरा उतरलेला. त्यानं दारावरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, तारीख पाहिली, दोन्ही सह्या पाहिल्या. आईच्या सहीवर त्याची नजर जरा जास्त वेळ थांबली. पलीकडून त्याचा भागीदार काहीतरी सुचवत असावा, कारण दादा एकदम खेकसला.

"नाही! बुलडोझर मागे घ्यायला सांग. आत्ताच. काय? हुकुमात खोट काढायची?"

त्यानं बहिणीकडे पाहिलं. राग तर होताच, पण रागाच्या आत जे होतं ते त्याला लपवता आलं नाही.

"अरे, खोट कसली काढतोस? बजावणारी माझी बहीण आहे."