'इथेच' लिहिलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुना म्हटलं की लोक सगळं खापर वयावर फोडतात, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी रखडत होतो हे खरं, पण त्यात माझ्या वयाचा दोष थोडाच होता.

एका छोट्या दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि मी तीन खोल्यांच्या एका घरात आलो. घरात आई, बाबा आणि दोन बहिणी. बाबा औषधांच्या दुकानात कामाला होते, त्यामुळे दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी डकवायची त्यांना सवय. डब्यांवर चिठ्ठ्या, दिव्यांच्या बटणांवर चिठ्ठ्या. आई म्हणायची, "माझ्या कपाळावरही एक लावा, म्हणजे ओळखायला सोपं जाईल." त्यांनी माझ्या पाठीवरही चिठ्ठ्या लावल्या. मॉनिटरची वायर जिथे खोचायची, तिथे लिहिलं, 'मॉनिटर, इथेच', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दोघी बहिणी माझ्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायच्या. कीबोर्ड एकच, त्यामुळे कोपरं लागायची आणि कडाकडा भांडणं व्हायची. तेव्हा माझा काय थाट होता! शेजारची मुलं मला बघायला यायची.

पुढे ताई नर्स झाली आणि दुसऱ्या शहरात गेली. तिथे तिने नवा संगणक घेतला. दोघींनी एक नवा खेळ शोधला, आपापल्या घरून एकत्र खेळता येईल असा, आणि रविवारी सकाळी अकराची वेळ ठरवली. ताई फोनवर "बरी आहे, जेवले" यापलीकडे जायची नाही. शर्यत सुरू झाली, की मात्र कानाला हेडफोन लावून ती घडाघडा बोलायची. वॉर्डातली धावपळ, खोलीवरचा एकटेपणा, सगळं. शर्यत बंद पडली तर हे बोलणंही बंद पडणार, हे मला कळत होतं.

आणि मला तो खेळ झेपत नव्हता. वळण आलं, की चित्र थिजायचं आणि पुन्हा हलेपर्यंत धाकटीची गाडी कठड्यावर आदळलेली असायची.

धाकटीने माझ्यासाठी काय नाही केलं! आधीची जड प्रणाली काढून लिनक्स ही हलकी प्रणाली घातली. खिडक्यांची शोभेची हालचाल बंद केली, खेळातल्या सावल्या काढल्या, चित्र लहान केलं, ब्रशने पंख्यातली धूळ काढली. मी थोडा सुधारलो, पण शर्यतीपुरता नाही. मग ताईनेच एक ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं झपाट्याने काढणारा भाग, पाठवलं. ती म्हणाली, "आता कारणं सांगायची नाहीत हं!"

धाकटीने कार्ड माझ्या पोटात बसवलं. बाबा टॉर्च धरून उभे होते. शेवटी ते म्हणाले, "वायरी मी लावतो, तू हात धुऊन ये." त्यांनी चिठ्ठ्या वाचून एकेक वायर लावली. मॉनिटरची वायर अर्थातच 'इथेच' गेली, माझ्या जुन्या जागी. नव्या कार्डाने काढलेलं चित्र हवं, तर वायर कार्डाच्या स्वतःच्या जागी खोचायला हवी होती, आणि ती चार बोटं खाली होती. ती रिकामीच राहिली.

कार्ड आत नुसतं बसून होतं. चित्र कोण काढतंय, याची नोंद मी रोज इमानेइतबारे ठेवत होतो. लिनक्सवर एक ओळ टाइप करून विचारलं असतं, तरी मी खरं सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

रविवारी गाडी पुन्हा थिजली. ताईने विचारलं, "कार्ड बसवलंस ना?"

"बसवलं गं. काही फरक नाही."

"असं कसं होईल? खेळायचं नसेल तर सरळ सांग ना."

धाकटीला ते लागलं. "हो, नाहीच खेळायचं," असं म्हणून तिने मला बंद केलं. दोघींपैकी कुणीही पुन्हा विषय काढला नाही. माझ्यावर कापड पडलं आणि कापडावर इस्त्रीचे कपडे.

तीन वर्षांनी मला एका वाचनालयाला द्यायचं ठरलं. धाकटीने पुसायला घेतलं, तेव्हा वाळलेली चिठ्ठी गळून पडली. वायर कुठे लावायची हे आता तिला स्वतः बघावं लागलं. तिला दोन जागा दिसल्या. ती बराच वेळ बघत राहिली, मग तिने वायर खालच्या जागी खोचली आणि खेळ लावला. गाडी वळणावरून लोण्यासारखी गेली. बाबा मागे उभे होते. "माझ्यामुळे झालं का गं हे?" ते हळूच म्हणाले. तिने लगेच ताईला फोन लावला.

सगळं ऐकून ताई म्हणाली, "अगं, मला वाटलं तुला माझाच कंटाळा आला."

"तुझा कसा येईल? ताई, येतेस का आत्ता? एकच शर्यत."

"कशावर येऊ? देऊन टाकला गं मी माझा कॉम्प्युटर. फक्त तुझ्यासाठीच घेतला होता."

मित्रांनो, वस्तू अडली तर तिच्या मागे जाऊन नीट बघा. आणि आपलं माणूस अडलं, तर त्याच दिवशी विचारा. मी यंत्र आहे, तीन वर्षांनीही दुरुस्त झालो.